खिडकी अठ्ठावीसला उघडते

आधी की नंतर म्हणे! नाही ताई, सरकू नका, बसा, तुमच्यावर नाही ओरडले मी... तुमचा काय दोष? तुमचा मुलगा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला, तुम्ही शेजारी बसलात, आमच्या हिच्या मांडीवरचं ते उशीएवढं पुस्तक बघितलंत आणि सहज विचारलंत, की परवान्याची दुसरी परीक्षा रेसिडेन्सीच्या अर्जाआधी द्यावी की नंतर. साधा प्रश्न. पण तुम्हाला सांगते, या साध्या प्रश्नाने गेलं दीड वर्ष आमच्या घरातल्या तिघांचं रक्त आटवलंय. हळू बोलते. झोपलीय ना ती. ही काय, माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून. ही आमची डॉक्टरीणबाई. आणि तो तिकडे खांबाला टेकून गळ्यात टेप घेऊन उभा असलेला माणूस आहे ना, ते आमचे हे. शिंपी आहेत. प्रवासाला निघायचं असो नाहीतर दवाखान्यात जायचं असो, टेप गळ्यात.

माझं काय विचारता? मी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक. या स्टँडवर नाही हो, लांब पल्ल्याच्या गाड्यांशी माझा संबंध कधी आला नाही. शहराच्या त्या टोकाचा डेपो, शहरी गाड्या, काचेची खोली, समोर रजिस्टर, हातात शिट्टी. सहा-पाचची गाडी सहा-पाचलाच सुटणार. ड्रायव्हर म्हणायचे, “बाई, चहाचा घोट राहिलाय,” मी म्हणायची, “तो ठेवा तसाच, परत आल्यावर प्या.” आणि माझी युक्ती एकच. गाडी सहा-पाचची असली की ड्रायव्हरला सांगायचं सहा. माणूस पाच मिनिटं उशीर करतोच, मग तो उशीर आपणच आधी धरून ठेवलेला बरा! त्याला खोटं नाही म्हणत, राखीव वेळ म्हणतात. घरातलं घड्याळसुद्धा मी दहा मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. पुढे केव्हातरी कळलं, ह्यांनीही ते गुपचूप दहा मिनिटं पुढे केलंय. म्हणजे गेली कित्येक वर्षं आमच्याकडे जगाच्या वीस मिनिटं आधी सकाळ होते, आम्ही घामाघूम होऊन धावत सुटतो, आणि जिथे जावं तिथे दाराला कुलूप.

हे तर माझ्याही वरचढ. गिऱ्हाइकाला कपडे शनिवारी हवे असले की कारागिराला सांगणार, गुरुवारी पाहिजेत. कापड कापताना शिवणीसाठी जास्तीची माया सोडायची ती चांगली दोन बोटं. आणि मुलगी कोणाची? आमचीच! साडेपाचला उठायचं तर गजर पाचचा, आणि पाचच्या गजराला जाग नाही आली तर म्हणून एक पावणेपाचचा. असं हे कुटुंब. आता अशा कुटुंबाच्या हातात परीक्षेच्या तारखा गेल्यावर काय होणार, तुम्हीच सांगा... पण थांबा, आधी परीक्षा समजून घ्या, नाहीतर माझा संताप तुमच्यापर्यंत पोचायचा नाही.

परवान्याच्या परीक्षा दोन. पहिलीत नुसतं पास की नापास. पूर्वी मार्क असायचे म्हणे, पण मुलांवर ताण येतो म्हणून काढून टाकले. ताण गेला का? गेला की, उठला आणि दुसरीत जाऊन बसला. तिथे मार्क आहेत. आणि रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयात काम करत तज्ज्ञ व्हायच्या शिक्षणाच्या, अर्जाची खिडकी वर्षातून एकदाच उघडते, अठ्ठावीस सप्टेंबर, सकाळी नऊ. रुग्णालयांतले विभागवाले पहिल्या दोन-तीन दिवसांतच सगळे अर्ज चाळतात. ज्याच्या अर्जावर दुसरीचे मार्क आहेत तो वरच्या गठ्ठ्यात, ज्याचे यायचेत तो खालच्या. खालचा गठ्ठा कधी बघतात? “मार्क आले की बघू.” मार्क येतात तोवर मुलाखतीची पत्रं गेलेली असतात! म्हणजे परीक्षा आधी द्यावी. बरं, आधी दिली, अभ्यास कच्चा राहिला, मार्क कमी पडले, तर? तर ते मार्क त्या अर्जाला जन्माचे चिकटले. तुम्ही म्हणाल, त्यात काय, परत बसायचं. अहो, तिथेच तर सगळी मेख आहे! परत कोणाला बसता येतं? जो नापास झाला त्याला. पास झालेल्याला नाही! मी तीनदा वाचलं, चष्मा बदलून वाचलं. नापास झालात तर कपाळाला डाग, पास झालात तर पायात बेडी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं... आता सांगा, आधी की नंतर?

आणि मार्क कळायला चार आठवडे. तेही फक्त बुधवारी. बुधवार हुकला की पुढचा बुधवार. आठवड्यातून एक फेरी, ताई! माझ्या डेपोत मी आठवड्यातून एक फेरी ठेवली असती ना, तर लोकांनी माझ्या काचा फोडल्या असत्या, आणि बरोबर केलं असतं.

पोरगी बिचारी दारोदार विचारत हिंडली. हृदयविकाराचे सर आहेत त्यांचे, मोठे गंभीर, एक एक शब्द तपासून सोडतात. ते म्हणाले, “अर्ज... करताना... मार्क... हातात हवेत.” बरं. मग एक वर्षाने पुढची मैत्रीण, ती भेटली जिन्यात, धावत होती, धावता धावता सांगून गेली, “वेडी आहेस का गं, घाई नको करू, मार्क चांगले पाड, उशिरा आले तरी चालतात, माझे उशिराच आले होते!” आणि तिला स्वतःला जागा मिळाली कुठे, ते विचारायच्या आत ती पुढच्या मजल्यावर. मग मी स्वतः चौकशीच्या नंबरवर फोन लावला. पस्तीस मिनिटं वाजंत्री ऐकली. मग एक मुलगी आली, आवाज असा जणू साखरेत घोळवलाय, “उमेदवाराने आपल्या परिस्थितीनुसार योग्य ती वेळ निवडावी.” मी म्हटलं, “बाळ, योग्य वेळ कुठली तेच विचारतेय, आधी की नंतर?” ती म्हणाली, “हो मॅडम, जी योग्य असेल ती.” मी एकतीस वर्षं लोकांना गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते सांगितलं. कधी कोणाला म्हटलं नाही, की जो योग्य असेल त्या फलाटावर जा!

आता माझा जीव एवढा का अडकला होता, ते सांगते. हिला व्हायचं होतं लहान मुलांची डॉक्टर. आणि आमच्या इथलंच मोठं रुग्णालय आहे ना, तिथला बालरोग विभाग तिला हवा होता. घरापासून चालत वीस मिनिटं, म्हणजे आमच्या घड्याळात आठला निघालो तर जगाच्या आठला पोचलो. त्या विभागाला दोनशे चाळीसच्या वर मार्क लागतात, खाली ते बघतच नाहीत. आणि ताई, खरं सांगू? मी एकतीस वर्षं पहिल्या गाडीला घर सोडलं. हिची वेणी मी कधी घातली नाही, ह्यांनी घातली, तीही मोजून-मापून. मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी ही वसतिगृहात राहायला गेली. मी घरी, तर ही नाही! म्हटलं, रेसिडेन्सी इथे मिळाली तर रात्रीचं एक जेवण तरी तिघांचं एका टेबलावर होईल. एवढीच माझी हाव होती. जास्त होती का?

तर हिची तेव्हा रुग्णालयात छत्तीस-छत्तीस तासांची ड्यूटी. रविवारी घरी यायची आणि बूट काढता काढता झोपायची. एका बुटावर झोपलेली बघितलीय मी तिला. एक दिवस म्हणाली, “आई, तारखांचं तू बघ. तू आयुष्यभर तेच केलंस. मला फक्त सांग, परीक्षा कोणत्या तारखेच्या आत द्यायची.” झालं, माझ्या अंगात डेपो संचारला. मोठा कागद आणला, स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला, लाल पेन, निळं पेन. खिडकी अठ्ठावीस सप्टेंबरला, त्याआधीचा बुधवार पंचवीस, त्यातून चार आठवडे मागे, म्हणजे अठ्ठावीस ऑगस्टपर्यंत परीक्षा दिली तरी चालतंय. हिशेब चोख. आणि मग... मग मी लिहिलं एकवीस ऑगस्ट. एक आठवडा राखीव. मार्क लांबले तर? पोरीला परीक्षेच्या दिवशी ताप आला तर? कोणाला सांगायचं नाही, आपल्यापाशी ठेवायचा. सहा-पाचच्या गाडीला सहा.

हे दर बुधवारी हिचा डबा पोचवायला जायचे. मी म्हटलं, कागदावरची तारीख बघून तेवढी चिठ्ठी डब्यात टाका. ह्यांनी बघितली. टाकली.

परीक्षेची जागा तीन-चार महिने आधी धरावी लागते, नाहीतर मिळत नाही. एकदा धरली की मग पुढे सरकवता येते. हिने मे महिन्यात धरली, सात ऑगस्टची. मला फोनवर म्हणाली, “जागा धरली गं, वेळेत आहे,” आणि तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली, फोन बंद. वेळेत आहे म्हटल्यावर मी कशाला विचारू कधीची? मी आपली धरून चालले, एकवीसची असणार. म्हटलं, तोवर तयारी होईल!

तयारी कसली. जुलैतल्या एका रविवारी जेवताना घास हातात धरून बसली. म्हणाली, “आई, सराव परीक्षेत आठवड्याला चार-चार मार्क वाढतायत. दोनशे तीसच्या आसपास पोचलेय. मला फक्त तीन आठवडे अजून मिळाले असते ना...” आणि तुम्हाला सांगते, त्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो होतो आणि तिघंही एकदम आपापल्या ताटात बघायला लागलो. माझ्या मनात आलं, माझ्याकडे एक आठवडा आहे, सांगू का? मग म्हटलं, एकाने काय होणार, ही तीन मागतेय. शिवाय सांगितला तर वापरून टाकेल आणि ऐनवेळी आपल्या हातात काही उरायचं नाही. मी म्हटलं, “मागून मिळाले असते तर मी डेपो नसता का चालवला त्याच्यावर?” हे म्हणाले, “भाजी वाढ.” आणि ती स्वतःच म्हणाली, “जाऊ दे, होईल.” नंतर कळलं ताई, का तिघंही ताटात बघत होतो.

सात ऑगस्टला हिचा फोन, परीक्षा झाली. मला वाटलं, धाडसी पोरगी, एकवीस सांगितली तर सातलाच देऊन मोकळी! चार सप्टेंबरला, बुधवारी, मार्क आले. दोनशे एकतीस. पास. उत्तम प्रकारे पास, आता जन्मात परत बसता येणार नाही असं पास! शेजारचे आजोबा दारात येऊन म्हणाले, “अभिनंदन, पास झाली ना?” आणि मी दार लावून घेतलं त्यांच्या तोंडावर. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, पोरगी नापास झाली असती तर... देवा, आई आहे का मी कोण आहे?

चौदा सप्टेंबरला, शनिवारी, ही रजा काढून घरी आली. सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर संगणक उघडून बसली, आंघोळ करून, केस बांधून. म्हटलं, काय गं? “आज खिडकी उघडते ना, नऊला.” मी कणीक मळत होते. माझा हात तसाच परातीत. आमच्या घड्याळात नऊ वाजले. खिडकी उघडेना. हे म्हणाले, “घड्याळ पुढे आहे, थांबा जरा.” वीस मिनिटं आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत बसलो. मला तर माहीत होतं हो, चौदाला काही उघडत नाही! पण म्हटलं, माझाच कागद चुकला की काय. शेवटी म्हटलं, “बाळा, खिडकी अठ्ठावीसला उघडते.”

ती म्हणाली, “कसं शक्य आहे? शेवटची तारीख चौदा ऑगस्ट होती, म्हणजे बरोबर महिन्याने चौदा सप्टेंबर.” मी म्हटलं, “चौदा कोणी सांगितली तुला? भिंतीवर एकवीस आहे.” मग ती आणि मी, दोघी हळूच वळलो. हे टेप गुंडाळत होते. उलगडत होते, परत गुंडाळत होते. म्हणाले, “मी म्हटलं, थोडी माया सोडावी. पोर कामात असते. एक आठवडा फक्त.” मी म्हटलं, “अहो, पण त्या एकवीसमध्ये मीच एक आठवडा सोडला होता! खरी तारीख अठ्ठावीस!” आणि हे माझ्यावर उखडले, “मग तसं लिहायचं ना, की हा कापलेला आहे म्हणून!” मी म्हटलं, “आणि तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत का?” चांगली जुंपली आमची. आणि मधेच ही म्हणाली, अगदी बारीक आवाजात, “मला चौदा माहीत होती. मी सातची जागा धरली. म्हटलं, एक आठवडा हाताशी असू दे.”

एक, एक आणि एक. मोजा ताई. मोजा तुम्ही काका, तुम्ही मगापासून पेपर उलटा धरून ऐकताय. तीन आठवडे! ती जे तीन आठवडे मागत होती, ते त्याच टेबलावर होते, तीन माणसांच्या तीन खिशांत. आठवड्याला चार मार्क, चार त्रिक बारा, दोनशे एकतीस आणि बारा किती? दोनशे त्रेचाळीस! मला चालत वीस मिनिटं हवी होती, आणि ती मीच, माझ्याच लाल पेनाने... अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमच्याकडे तर तीन शहाणे आणि एकच बैल. आणि ते मार्क? चार सप्टेंबरला आलेले ते मार्क चोवीस दिवस आमच्या घरात नुसते बसून होते, खिडकी उघडायची वाट बघत. आमच्यासारखेच. जगाच्या आधी पोचलेले, आणि समोर कुलूप!

रागावली का, विचारता? नाही हो, तेच तर खुपतं. हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मग मी रडले. मग ह्यांनी दोघींच्या पाठीवर हात ठेवले, आणि कणकेचा हात माझ्याच डोळ्याला लागला. पुढे अठ्ठावीसला अर्ज गेला, नऊच्या ठोक्याला, खऱ्या नऊच्या. इथल्या विभागाचं उत्तरसुद्धा आलं नाही. चार मुलाखती झाल्या, चारही लांबच्या. एका ठिकाणी घेतलं. बालरोगच मिळाला हो, तेवढं देवाने ऐकलं. पण कुठे? इथून बसने अकरा तास. आज जायचंय तिला. परवापासून हजर. आणि ते पुस्तक वाचायचं नाहीये आता तिला, नुसतं कवटाळून झोपलीय सवयीने.

आणि त्या दिवशी आम्ही तिघांनी शपथ घेतली होती, घड्याळावर हात ठेवून. आजपासून या घरात एकमेकांना खरी वेळ सांगायची. घड्याळही मागे घेतलं. वीसच्या वीस मिनिटं. दोन दिवस आम्हाला चक्कर आल्यासारखं होत होतं.

मग आता मला विचारा, आम्ही इथे कधीपासून बसलोय? आठपासून. गाडी किती वाजताची आहे? तो फलक बघा. साडेदहाची! हिने ह्यांना सांगितलं, दहाची. ह्यांनी मला सांगितलं, नऊची. मी दोघांना सांगितलं, साडेआठची आहे, साडेसातला घराबाहेर पडायचं, आणि एकेकाला दाराबाहेर ढकललं. इथे येऊन फलक बघितला आणि मी खालीच बसले. असे संतापले, असे संतापले... ह्यांना बोलले, ते गेले खांबापाशी. मग हिच्याकडे वळले. म्हटलं, “अगं, तिकीट तुझ्या हातात! तुला तर साडेदहा माहीत होतं, मी साडेआठ म्हणाले तेव्हा तू तोंड का नाही उघडलंस?”

तर म्हणाली, “असू दे ना आई. तेवढंच बसू.”

आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि गेली झोपी. दीड वर्षानं अशी झोपलीय. माझा हात मेलाय केव्हाचा, मुंग्या येऊन गेल्या, पण मी हलवला नाहीये. ताई, तुम्ही विचारलंत ते मी विसरले नाही. तुमच्या मुलाला नीट सांगायला हवं, आधी की नंतर, आणि सगळं भोगलंय ते हिने, तेव्हा तिलाच विचारा... अहो, आत्ता नका उठवू तिला.

नंतर.